त्या रात्रीआधीची झोप घरी घेऊ नकोस

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मुंबईहून होडीने एकटी येताना दोन रात्री घरी थांबते आणि तिथूनच संध्याकाळी गोव्याला सुटते." तेव्हापासून आई डिंकाच्या लाडवांच्या तयारीला लागली आहे. ती शेजारीच उभी होती म्हणून मी गप्प बसलो. आता लिहितो. घरी ये, दोनाचे चार दिवस राहा, पण गोव्याच्या रात्रीआधीची झोप घरी घेऊ नकोस. ती विजयदुर्गला घे.

आधी हिशेब बघ. तुझ्या होडीचा वेग पाच नॉट, म्हणजे तासाला पाच सागरी मैल, धरू. घरून, म्हणजे रत्नागिरीहून, गोव्याचा आग्वाद किल्ला साधारण 95 सागरी मैल, म्हणजे 19 तास. संध्याकाळी पाचला निघालीस तर मालवणचे खडक पहाटे साडेचारच्या सुमारास येणार, आणि वेंगुर्ल्याचे त्यानंतर दोन तासांनी. माणसाचं अंग सगळ्यात ढिलं पडतं ते नेमकं तेव्हा, पहाटे तीन ते पाच. विजयदुर्गहून तेच अंतर 70 मैलांच्या आसपास, 14 तासांचं. पाचला निघ, अकरापर्यंत मालवण मागे टाकशील, एकच्या सुमारास वेंगुर्ल्याच्या खडकांवरचा दिवा डाव्या हाताला दिसेल. झोप अंगावर येईल तेव्हा सगळे खडक पाठीमागे असतील. आणि आग्वाद उजेडात गाठशील. वाराही तुझ्या बाजूचा. संध्याकाळचा वायव्येचा खारा वारा पाठीवर, आणि रात्री मतलई सुटला की तो डावीकडून, शिडाला हवा तसा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. बावीस वर्षांचा होतो. शिमग्यात रात्रभर पालखी नाचवली, दुसऱ्या दिवशी घरात पै-पाहुणे, दुपारी अर्धा तास पाठ टेकली ती पोरांच्या गलक्यात. तेवढी झोप पुरे असं मला वाटलं. संध्याकाळी एक छोटी शिडाची होडी वेंगुर्ल्याच्या एकाला पोचवायला एकटा निघालो. मालवणच्या जरा अलीकडे, पहाटे, सुकाणूची दांडी बगलेत धरून बसलो होतो. डोळे उघडे होते असं मी आजही शपथेवर सांगेन. जाग आली ती दांडी बरगडीत रुतली म्हणून. उजवीकडे, जिथे नुसतं मोकळं पाणी असायला हवं, तिथे खडकावर लाट फुटत होती. फेस अंधारातही पांढरा दिसतो, बाय. दोन होड्यांएवढं अंतर असेल. तुझ्या आईला हे मी कधी सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

तू म्हणशील, अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता एकटे पृथ्वीला वळसा घालून आले, मला एका रात्रीचं काय. त्यांचं चित्र तुझ्या भिंतीवर आहे, मला ठाऊक आहे. पण भर महासागरात वाटेत कोणी नसतं, तिथे तुकड्यातुकड्यांनी झोपता येतं. एकट्याने जाणारे वीस-वीस मिनिटांची डुलकी घेतात, कारण क्षितिजावर दिसलेलं जहाज तेवढ्या वेळात अंगावर येऊ शकतं. आपल्या किनाऱ्याला वीस मिनिटंही फार झाली. जाळ्यांचे बोये काळोखात दिसत नाहीत, बऱ्याच छोट्या होड्यांवर एआयएस, म्हणजे आपली जागा इतरांना कळवणारं यंत्र, नसतं, काहींवर धड दिवाही नसतो. त्या रात्री तुला डोळा मिटता येणार नाही, म्हणून जी काय झोप ती आधीच घ्यायची. आणि दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे जगप्रदक्षिणेला गेले ते वाटेत चार बंदरांत थांबतच गेले. त्यांच्या धाडसाला त्याने काही कमीपणा आला नाही.

मग विजयदुर्गच का? देवगड दहा मैल पुढे आहे, बंदरही चांगलं, पण मासेमारीच्या होड्यांची दाटी. मध्यरात्रीनंतर इंजिनं सुरू होतात आणि प्रत्येक लाट तुझ्या कानाशी आपटते. आपल्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात तेच, दुप्पट. मालवणला तर आधी खडकांतूनच आत शिरायचं. विजयदुर्गला वाघोटणच्या खाडीत किल्ल्याच्या आड गेलं की समुद्राची लाट आत येत नाही. आंग्र्यांची गलबतं तिथे उगीच राहत नव्हती. फक्त आत शिरताना किल्ल्याच्या पश्चिम अंगाला बिलगू नकोस, तिकडे पाण्याखाली भिंत आहे. भरपूर बाहेरून वळ.

रत्नागिरीहून पहाटे निघालीस तर दुपारीच पोचशील. होड्यांच्या वाटेतून बाजूला हो आणि उजेडातच नांगर टाक. ओहोटीला पाच मीटर पाणी असेल तर भरतीचे अडीच आणि नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, उंचीचा एक मिळव, त्याच्या पाचपट साखळी सोड. म्हणजे 42-43 मीटर. कंटाळा करून तीस सोडशील, आणि मग रात्रभर कान टवकारून पडशील. इंजिन मागे घालून नांगर रुतव आणि साखळीवर तळवा टेकव. नांगर धरला असेल तर ती ताठ, गप्प असते. फरफटत असेल तर हाताला खरखर लागते, दगडावरून पाटा ओढावा तशी. ती खरखर पुरती थांबेपर्यंत झोपायला जाऊ नकोस. मग ओहोटी लागून होडी उलटी फिरेपर्यंत थांब, किल्ल्याचा बुरूज आणि काठावरचं एखादं झाड एका रेषेत धरून ठेव, आणि नंतरच आत जा.

विजयदुर्गच्या रात्री फोन बंद ठेव. दुसऱ्या दिवशी उशिरा ऊठ, शिडं आणि दोर सकाळीच बघून घे, जेव, आणि दीड ते तीन पुन्हा झोप. उठल्या उठल्या निघू नकोस, डोकं जागेवर यायला अर्धा-पाऊण तास लागतो. घरी यातलं काहीच जमायचं नाही. शेजारपाजार येईल, आई रात्री बारापर्यंत तुझ्या केसांना तेल लावत बसेल, आणि मी तिला उठवणार नाही, कारण मलाही तू समोर हवी असतेस.

आईला मी समजावतो. लाडवांचा डबा घेऊन मी एसटीने विजयदुर्गला येतो, साडेतीनला जेटीवर असेन. हाक मारणार नाही. तू आपणहून उठून बाहेर आलीस की हात करीन.

तुझा,
बाबा