कुत्र्यालाही घरची शिकवणी हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बडोद्यातील सोसायट्यांच्या सभांत पाणी आणि पार्किंग यांच्या जोडीने आता पाळीव कुत्र्यांचा विषय हमखास निघतो. लिफ्टमध्ये अंगावर उडी मारली, जिन्यात मूल घाबरले, दारावरची घंटा वाजली की भुंकणे थांबतच नाही, या तक्रारी खऱ्या असतात. मात्र त्यावर सुचवला जाणारा उपाय, म्हणजे सोसायटीत कुत्रे पाळण्यावरच बंदी, हा टिकणारा नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही. दुसऱ्या बाजूला, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा संभवत असताना पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. म्हणजे कुत्रा राहणार आणि जबाबदारी मालकाची. ती पार कशी पाडायची, हे शिकण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे घरी येऊन शिकवणारा प्रशिक्षक. त्याच्याकडे आपण अजून श्रीमंतांची हौस म्हणून पाहतो, हे मला पटत नाही.

कुत्रा जे शिकतो ते जागेसकट शिकतो. मैदानावरच्या वर्गात सांगताक्षणी बसणारा कुत्रा घरच्या दारात पाहुणा दिसताच सारे विसरतो, कारण दार, घंटा आणि पाहुणा यांच्या सान्निध्यात त्याला कोणी काही शिकवलेलेच नसते. प्रशिक्षक घरी आला तर धडा नेमका तिथेच होतो. उडी मारणाऱ्या कुत्र्याला आपण ओरडतो, हाताने ढकलतो, आणि त्याच्या दृष्टीने हेही लक्ष देणेच असल्यामुळे उडीची सवय पक्की होते. त्याऐवजी चारही पाय जमिनीवर असताना किंवा तो बसलेला असतानाच खाऊ द्यायचा, आणि तोही एक-दोन सेकंदांच्या आत, कारण त्याहून उशीर झाला तर शाबासकी कशाबद्दल मिळाली हे त्याला उमगत नाही. (शाकाहारी घरांतल्यांनी काळजी करू नये, पनीरचे चण्याएवढे तुकडे पुरतात.) ही वेळ साधणे पुस्तक वाचून येत नाही, शेजारी उभे राहून कोणी तरी आपला हात सुधारावा लागतो. एकदा ते जमले की दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटांचा सराव पुरतो.

खरे तर या शिकवणीत विद्यार्थी घरातली माणसेच असतात. आजोबा पानातली पोळी भरवतात, मुले सोफ्यावर बोलावतात, आई तिथून हाकलते, आणि मग कुत्रा हट्टी ठरतो. सर्वांना एकत्र बसवून एकच शिस्त ठरवून देणे हे सामूहिक वर्गात होत नाही आणि कुत्र्याला काही आठवडे प्रशिक्षकाकडे ठेवून आल्याने तर मुळीच होत नाही. परत आलेला कुत्रा प्रशिक्षकाचे ऐकतो, घरच्यांचे नाही. ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तिथल्या कुत्रामालकांनी थोडी शिकवणी आपखुशीने घ्यायला हरकत नसावी.

पिल्लांच्या बाबतीत तर घरच्या शिकवणीला पर्याय कमी आहे. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू ज्या माणसांना, आवाजांना आणि वस्तूंना सरावते त्यांची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. पण नेमक्या त्याच काळात लसीकरण अपुरे असल्याने पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाच्या भयाने त्याला रस्त्यावर उतरवता येत नाही. अशा वेळी छत्री, काठी, हेल्मेट घातलेला माणूस, प्रेशर कुकरची शिट्टी या सगळ्याची ओळख घरातल्या घरात, कडेवर घेऊन, खाऊच्या सोबतीने करून देता येते. दिवाळीचे फटाके आणि उत्तरायणाच्या संध्याकाळी गच्च्यांवर होणारा कल्लोळ यांनी पलंगाखाली थरथरत बसणारी कुत्री आपल्या शहरात घरोघर आहेत. फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावून, कुत्रा निवांत राहील इतपतच, आठवड्यांगणिक वाढवत नेण्याची रीत यावर उपयोगी पडते, पण तिची सुरुवात सणाच्या कितीतरी आधी करावी लागते.

प्रशिक्षक निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. काटेरी पट्टा, गळ्याला आवळणारी साखळी किंवा विजेचा झटका यांची भाषा करणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या आपल्या निवेदनात बक्षिसावर आधारित पद्धतच वापरावी, असे स्पष्ट म्हटले आहे. धाकाने गुरगुरणे थांबते, भीती जात नाही, आणि मग कुत्रा इशारा न देता चावतो. शांत कुत्रा एकाएकी चावरा झाला असेल तर आधी पशुवैद्याला दाखवावे, कारण कानाचे किंवा सांध्याचे दुखणे शिकवणीने बरे होत नाही. घरच्या शिकवणीत इतर कुत्र्यांची सवय होत नाही, ही उणीव खरी. चांगला प्रशिक्षक काही दिवसांनी कुत्र्याला फाटकाबाहेर नेऊन ती भरून काढतो.

सोसायट्यांच्या कार्यकारिणींना विनंती, की तक्रार आल्यावर दंडाची नोटीस काढण्याआधी मालकाला शिकवणीसाठी मुदत द्यावी, आणि इमारतीत कुत्री अधिक असल्यास एकाच प्रशिक्षकाला बोलावून घरोघरीचा खर्च कमी करावा. शहरातील पशुवैद्यांनीही पिल्लाच्या पहिल्या लसीच्या वेळीच मालकाला याबद्दल सांगावे. त्या वयात सुरुवात झाली तर फी आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

आपला,
एक वाचक,
मांजलपूर, बडोदे