ठेव मोडू नका

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दुसरं घर घेणार असशील तर आमची ठेव मोडू का?" मी विषय बदलला. बोलताना गळा दाटला असता, म्हणून लिहितेय. मोडू नका.

पहिलं घर भाड्यानं द्यायला घेतलं, तेव्हा माझा हिशोब एका ओळीचा होता: भाडं वजा हप्ता. चार पैसे उरतायत ना, मग झालं! त्या ओळीत घराचा कर नव्हता, रंगकाम नव्हतं, रिकामे महिने नव्हते. पहिला भाडेकरू गेला आणि घर 3 महिने तसंच पडून राहिलं. वर्षाच्या भाड्याचा पाव हिस्सा गेला. हप्ता मात्र तारखेला कापला जातच होता. त्यातच खालच्यांच्या छतावर ओल उतरली. आई, तुला बोलले नव्हते, पण त्या शनिवारी मी गवंड्याशेजारी बादली धरून बसले होते. अर्धं न्हाणीघर फोडल्यावर पाइपचा बोटभर सांधा गंजलेला सापडला. सांधा किरकोळ किमतीचा. फरशी परत बसवायचा खर्च मात्र पुढचं सगळं भाडं गिळून गेला.

आता मी वर्षाचं भाडं 11 महिन्यांचंच धरते, दुरुस्तीचे पैसे आधी बाजूला काढते आणि मग काय उरतं ते बघते. या हिशोबात वर्षभरात पाहिलेली बहुतेक घरं बाद झाली. एजंट म्हणतो, हा भाव परत मिळणार नाही. म्हणू दे.

बाबा, तुम्ही कर्जाला भ्यायचात त्याचं मला हसू यायचं. 20 वर्षांचं कर्ज 9 टक्क्यांनी घेतलं, तर पहिल्या हप्त्यातले सुमारे 83 टक्के नुसतं व्याज असतं. 5 वर्षं न चुकता भरूनही मुद्दल 89 टक्क्यांच्या आसपास शिल्लकच. शिवाय किमतीतले 20 टक्के आपले आणि 80 बँकेचे असतील, तर भाव 10 टक्क्यांनी उतरला की आपली निम्मी रक्कम साफ. भाव चढताना हेच गणित आपल्या बाजूनं पळतं, म्हणून एका घराच्या वाढलेल्या किमतीवर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं अशी माणसं वाढत जातात. मलाही मोह होतो, खोटं कशाला बोलू?

माझे पैसे अडकले तर मी अजून 20 वर्षं कमावणार आहे. तुमचं तसं नाही. ठेव अडीनडीला लगेच मोडता येते. घर विकायला महिने जातात, आणि औषधपाण्यासाठी एखादी खोली तेवढी विकता येत नाही.

दुसरं घर मी घेणार आहेच. 6 हप्त्यांइतकी शिल्लक बाजूला पडल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही, असं ठरवलंय. 4 जमलेत.

हिशोबाच्या वहीतली पानं सोबत पाठवतेय. बाबा, चष्मा लावून बेरजा तपासा. दुरुस्तीचा आकडा मला अजून कमीच वाटतोय.

तुमची,
ताई