खाडाखोड वाचायला शिकवलंत, ताई

समुपदेशक ताई, सप्रेम नमस्कार.

पूर्वपरीक्षेचा पेपर देऊन आलेलं मूल "येत होतं हो, ऐनवेळी आठवलंच नाही" म्हणालं, की शिक्षकांचं उत्तर ठरलेलं असायचं: अभ्यास कमी पडला. तुम्ही मुलांचं ते वाक्य खरं धरून तपासायला लावलंत. त्यासाठी दहावीच्या आम्हा सगळ्या शिक्षकांकडून हे जाहीर आभार.

बीजगणिताच्या उत्तरपत्रिकेवर तुम्ही बोट ठेवलंत. वर्गसमीकरणाची पहिलीच पायरी तीनदा लिहून खोडलेली, खोडरबराने कागद भोक पडेपर्यंत घासलेला, आणि शेवटची दोन सोपी उदाहरणं कोरी. अशा मुलाला दोन दिवसांनी त्याच धर्तीचा पेपर घड्याळ न लावता द्यायचा. सुटला तर अडचण परीक्षेच्या भीतीची. नाही सुटला तर आधी गणित शिकवायचं. ही पारख आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. तयारीच नसलेल्या मुलाला नुसतं "शांत राहा" सांगणं ही त्याची फसवणूक आहे.

लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली या भीतीचे दोन पदर वेगळे केले, तेही तुमच्याकडूनच कळलं. एक शरीराचा: धडधड, घाम, पोटात गोळा. दुसरा काळजीचा: "कमी पडले तर घरी काय सांगू?" गुण जास्त खातो तो दुसरा. मधली आकडेमोड डोक्यात जिथे धरून ठेवायची, तीच जागा काळजी अडवते. म्हणून वर्गाबाहेर पडताच सगळं आठवतं.

उपायही पदराप्रमाणे वेगळे. शरीरासाठी श्वास: चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, पाच-सहा वेळा. घाबरलेली मुलं भराभर मोठे श्वास घेतात, मग गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीती दुणावते. म्हणून भर सोडण्यावर. काळजीसाठी कच्चा कागद: पेपरआधी दहा मिनिटं मनातली भीती जशीच्या तशी लिहून काढायची. रामिरेझ आणि बायलॉक या संशोधकांच्या २०११च्या प्रयोगात जास्त घाबरणाऱ्या मुलांनाच याचा मोठा फायदा दिसला. शिवाय आठवड्यातून एक पेपर बाकावर बसून, दोन तास घड्याळ लावून. हमखास येणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात. तीन मिनिटं अडलं की जागा सोडून पुढे.

पालकांना सांगितलंत तेही लक्षात राहिलं. चाचणीच्या दिवशीची पोटदुखी खोटी नसते, पण मुलाला घरी ठेवलं की पोटदुखी लगेच थांबते आणि पुढच्या वेळी भीती वाढून येते. मात्र झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा आली, तर वाट पाहायची नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आता दहावीच्या प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर लिहिला आहे.

बोर्डाच्या परीक्षेआधी पुन्हा एकदा याल का? या वेळी पालकांना आधी बसवू, मुलांना नंतर.

आपले,
दहावीचे सर्व विषयशिक्षक