पोरग्याला आधी कानस धरू दे

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना सा. न. वि. वि.

माझी तब्येत ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, वहिनींचं मेतकूट अजून पुरतंय. आईला सांग, फोनवर ऐकू आला तो खोकला दोन दिवसांत गेला. थंडीचे कपडे भरपूर आहेत, खरंच आहेत.

पोरग्याचं एसएसएलसी, म्हणजे दहावी झाली. आता त्याला तुझ्या फौंड्रीत ओतकामाला घ्यावं, आयटीआयला घालावं, की इकडं जर्मनीला आणता येईल, असं विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

आपल्याकडं माणूस कामाला लागतो तो जवळ जे दिसतं त्यानं. बेळगावच्या वडगावात घरात माग असला की पोर आधी कांड्या भरतं, मग मागावर उभं राहतं. उद्यमबागेतल्या कारखान्यात मामा टर्नर असला की भाचा हेल्पर. लष्कराचं मराठा सेंटर बेळगावातच, म्हणून गल्लीतली पोरं पहाटे भरतीसाठी पळतात. निपाणीकडं आईशेजारी बसून पोरी विड्या वळायला शिकतात. याला मी नावं ठेवत नाही. पण गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथं कळलं, म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान निघालं आणि पुढं कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर. आधी करून बघितल्याशिवाय आपल्याला काय जमत नाही हे कळत नाही.

इथं ते करून बघणं शाळेतच घडवतात. आठवी-नववीच्या सुमारास पोरांना दोन-तीन आठवडे एखाद्या कारखान्यात, बेकरीत, दवाखान्यात पाठवतात. पुढं ज्याला धंदा शिकायचाय तो कंपनीशी करार करतो: आठवड्याला एक-दोन दिवस शाळा, बाकी कंपनीत काम, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. मशीनवर धातू कापायचा धंदा साडेतीन वर्षांचा. पहिले एक ते चार महिने चाचणीचे, त्यात दोघांपैकी कुणीही सोडू शकतो. दर आठवड्याची वही लिहायची, शिकवणाऱ्याची सही घ्यायची. वही नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षा दोन भागांत, मधल्या भागाला ४० टक्के आणि शेवटच्याला ६०.

आता तुला नवल वाटेल ते सांगतो. शेजारी लाखो युरोंची सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन उभी असते आणि नव्या पोराला आठवडेच्या आठवडे व्हाइसच्या शिकंज्यात लोखंड धरून कानस घासायला लावतात. आयटीआयलाही घासतात, पण इथला हट्ट वेगळा. पुढं ढकलताना दाब, मागं ओढताना बिलकूल नाही. नवशिक्याची कानस पाळण्यासारखी झुलते, मग कडा खाली जातात आणि मध्ये फुगीर राहतं. धारेची पट्टी लावून तुकडा उजेडासमोर धरायचा. जिथून उजेड दिसला तिथं जास्त घासलं गेलं. ॲल्युमिनियम असेल तर कीस दातांत भरतो आणि तुकड्यावर ओरखडे पडतात, म्हणून कानशीला आधी खडू घासायचा आणि अधूनमधून तारेच्या ब्रशनं दात झाडायचे. धातू किती दाबानं किती सुटतो हे एकदा हाताला कळलं की पुढं मशीनवर जॉब नुसत्या आवाजावरून बिघडलेला ओळखू येतो, असं इथले उस्ताद मानतात. मलाही ते पटलंय.

तरी चारातला एकापेक्षा जास्त करार मध्येच तुटतो. धंदा नीट बघून न घेणं हे त्यातलं एक मोठं कारण. म्हणून म्हणतो, या सुट्टीत पोरग्याला पंधरा दिवस तुझ्याकडं आणि पंधरा दिवस एखाद्या टूलरूममध्ये, साचे-हत्यारं बनवतात तिथं, उभं कर, मग अर्ज भर.

इकडं आणण्याची घाई नको. जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत लागते, करार आधी आणि व्हिसा नंतर. करार कंपनी आणि पोरगा यांच्यात होतो. लाखो रुपये मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नकोस. २०२५ मध्ये सुरू झालेल्या करारांना पहिल्या वर्षी कमीत कमी महिना ६८२ युरो, मोठ्या शहरात त्यातलं बरंचसं खोलीभाड्यातच जातं. मी टाळतोय असं समजू नकोस. आयटीआयची दोन वर्षं होऊ देत, मग मी स्वतः कागद बघतो.

आणखी एक. साडेतीन वर्षांच्या धंद्यात ज्यानं सव्वापाच वर्षं काम केलंय, त्याला इथं शिकाऊपणा न करता थेट शेवटच्या परीक्षेला बसता येतं. ते वाचलं तेव्हा तूच आठवलास. वाळू मुठीत दाबून पाणी जास्त झालंय, आता कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वाफेची भोकं पडणार, हे तू सांगतोस. तुझ्याकडं त्याचा कागद नाही, आणि माझ्याकडं जे कागद आहेत ते तुझ्या त्याच पगारातून आलेत.

पैसे पाच तारखेला पाठवतो. त्यातले चाळीस हजार कर्जाच्या हप्त्याला आणि बाकी धाकटीच्या लग्नासाठी बाजूला ठेव. चंदगडच्या स्थळाला होकार द्यायला माझी हरकत नाही, पण आधी तिला विचारा. तारीख दिवाळीनंतरची धरा, त्याआधी रजा मिळत नाही. मागच्या वेळीही असंच म्हणालो होतो, ठाऊक आहे. या खेपेला तिकीट काढूनच कळवतो. माझ्या लग्नाचं आईला सांग, पुढच्या वर्षी नक्की बघू.

पोरग्याला विचार, कानस डाव्या हातानं धरतो की उजव्या. तेवढं कळव.

तुझा,
धाकटा