वाक्य तुझं, तूच पुरं कर

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
भाऊबीजेचा दुसरा दिवस, रात्री साडेअकरा

चि. विराज यास,
अनेक आशीर्वाद.

काल ताईने ताट करून ठेवलं होतं. दुपारी चारपर्यंत वाट बघितली, निरांजनातली वात दोनदा बदलली. आज्जी म्हणाली, फोटोला ओवाळ. त्यावर तुझी आई आज्जीवर एवढ्यानं ओरडली की शेजारच्या काकू दारात आल्या. आजवर कधी तिनं आज्जीला उलटून बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मग ताई संध्याकाळी गच्चीवर गेली आणि बीजेच्या कोरेला ओवाळून आली. तुझी ओवाळणी तिने डब्यात ठेवलीय, तू यायचा आहेस म्हणून.

रागावून लिहीत नाही. पत्र अशासाठी की आत्तीकडे गेल्यापासून फोन तू घेत नाहीस, आणि घेतलास तरी तू "प... प..." म्हणेपर्यंत मीच "बरा आहेस ना, जेवलास ना, ठीक" म्हणून मोकळा होतो. परवा आत्तीने फोन तुझ्या कानाला लावला तेव्हाही तेच झालं. ठेवल्यावर आई म्हणाली, "तुम्ही त्याला बोलू कुठं दिलं?" कागदावर निदान मला तुझ्या मध्ये तोंड घालता येणार नाही.

आधी हे सांग, रात्री झोप लागते का? आत्ती म्हणते माडीवरचा लाइट दोन-दोन वाजेपर्यंत असतो.

सोमवारी शाळा उघडतेय आणि तू आत्तीला सांगितलंस की आता शाळेचं नाव काढायचं नाही. ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मला शाहू महाराज आठवले. 1917 साली महाराजांनी या गावात शिक्षण सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला 1 रुपया दंड लावला. ही गोष्ट आबा आम्हाला नेहमी सांगायचे. सांगताना 'दंड' या शब्दावर हटकून अडायचे. "द... द... द..." आणि आम्ही भावंडं पांघरुणात तोंड खुपसून हसू दाबायचो. आबांना ते दिसत असणार. तरी त्यांनी गोष्ट कधी अर्ध्यावर सोडली नाही. तुझं बोलणं आबांवर गेलंय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते तुला सांगावं असं चौदा वर्षांत एकालाही सुचलं नाही.

आता मुख्याध्यापकांच्या ऑफिसातलं.

फोन आला तेव्हा मी फाउंड्रीत मोल्डिंगला होतो. हात न धुता निघालो. त्या पोराच्या भुवईवर चार टाके, तुझी स्टीलची बाटली टेबलावर, तिला पोचा पडलेला. तू काहीतरी सांगायला तोंड उघडलंस. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता, आणि मी सगळ्यांदेखत तुझ्या कानाखाली वाजवली. विराज, तू रडला नाहीस. तू तोंड मिटून घेतलंस. त्या दिवसापासून ते उघडलेलं मी पाहिलेलं नाही.

थोड्या वेळाने सर मला समजावत होते की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 17 वं कलम आहे, शाळेत मुलाला मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. माझी मान खाली होती. त्याच खोलीत तेच मी नुकतं करून बसलो होतो.

माझं चुकलं. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, कारण त्याच्यापुढे 'पण' येत होता. आता 'पण' नाही. माझं चुकलं.

तुला ते बाटलीने मारायला कुणी शिकवलं, याचाही मी विचार केला. दुसरीत होतास. गल्लीत कुणीतरी ढकललं म्हणून रडत आलास, तेव्हा मीच म्हणालो होतो, "मार खाऊन आलास तर घरात घेणार नाही, देऊन ये." मला माझ्या वडीलधाऱ्यांनी तेच सांगितलं होतं. तालमीत मात्र वस्ताद वेगळं शिकवायचे. खासबागेत कुस्ती निकाली झाली की पडलेल्याला हात देऊन उठवायचं, त्याच्या पाठीवरची माती आपण झाडायची. ते मी तुला कधी सांगितलं नाही. दहा वेळा सांगितलं ते फक्त 'देऊन ये'. हातात वस्तू घेऊन दुसऱ्याच्या डोक्यावर मारणं चूकच, दोन बोटं खाली लागलं असतं तर त्याचा डोळा गेला असता, आयुष्यभर तू...

नाही. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणूनच झोप येत नसेल.

मी त्या पोराच्या घरी जाऊन आलो. बाप आधी केस करतो म्हणत होता. पोलिसांत गेलं तरी तुझ्या वयाच्या पोराला मोठ्यांच्या कोर्टात उभं करत नाहीत, बाल न्याय मंडळ असतं, हे मी विचारून घेतलं होतं. तरी पाय लटपटत होते. टाक्यांचा खर्च दिला, माफी मागितली. मग मी विचारलं, तो व्हिडिओ कुणी काढला? पोरगा दाराआड उभा होता, भिंतीचा सुटलेला रंग नखाने काढत. त्याने हळूच हात वर केला, वर्गात करतात तसा. आणि त्याच्या बापाने माझ्यासमोर त्याला एक ठेवून दिली. तोच आवाज होता रे. मी मध्ये पडलो. आम्ही दोघे बाप मग बराच वेळ चहा समोर ठेवून गप्प बसलो. शेवटी तो म्हणाला, "माझाबी चारचौघांत बोलत न्हाई हो."

तो व्हिडिओ मी पाहिला. धड्यातला एक शब्द, त्यावर तू अडलेला, आणि खाली त्यांनी ते फिरणारं गोल चक्र लावलेलं. 'बफरिंग.' जूनपासून तुला त्या नावाने हाका मारत होते. पाच महिने. या पाच महिन्यांत मी तुला सहामाहीचे मार्क विचारले, दूध आणलंस का विचारलं, सायकलचा ब्रेक विचारला.

पोरांनी व्हिडिओ ग्रुपवरून काढलाय. कुणाच्या मोबाइलात राहिला असेल तर त्याची हमी मी देऊ शकत नाही, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मुख्याध्यापकांनी एवढं कबूल केलंय की नाव पुकारून तुला वाचायला उभं करणार नाहीत. तू हात वर केलास तरच. आणि वर्गाशी ते स्वतः बोलणार आहेत, तुझं नाव न घेता.

मी राजारामपुरीतल्या एका डॉक्टरीणबाईंना भेटलो. मनाच्या डॉक्टर. आज्जीला अजून सांगितलेलं नाही, ती लगेच 'पोराला वेडं ठरवलं' म्हणून डोळ्याला पदर लावेल. बाईंनी आधी मलाच तासभर बोलतं केलं. युनेस्कोच्या 2019 च्या अहवालातलं सांगितलं, की जगात जवळजवळ दर तिसऱ्या शाळकरी मुलाला मागच्या महिन्याभरात एकदा तरी शाळेतल्याच मुलांकडून असा त्रास झालेला असतो. आणि आपल्या देशात 2015-16 ला पाहणी झाली, त्यात 13 ते 17 वयाच्या शंभरात सात मुलांना मनाचा काही ना काही आजार आढळला. घरी येऊन मी तुमच्या वर्गाचा फोटो कपाटातून बाहेर काढला. साठ पोरं. साठात वीस, साठात चार. एकेक चेहरा बघत बसलो, यातली बाकीची कोण असतील? फोटोत सगळीच हसतायत. तूही.

फिनलंडमध्ये म्हणे शाळांत 'किवा' नावाचा कार्यक्रम चालतो. तिथे बघत उभ्या राहणाऱ्या पोरांना तयार करतात, कारण चिडवणाऱ्याला खरा जोर येतो तो बाकीच्यांच्या हसण्याने. हे ऐकताना मला पांघरुणातले आम्ही भावंडं दिसलो.

बोलण्याचंही विचारलं. अडखळणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, बुद्धी कमी असणं तर नव्हेच, पुष्कळदा घराण्यात असतं, त्यासाठी स्पीच थेरपी असते. मी अभिमानाने सांगितलं, की बाई, मी त्याला नेहमी 'सावकाश बोल' म्हणतो आणि अडला की शब्द पुरवतो. त्या म्हणाल्या, ते दोन्ही बंद करा. त्याच्याकडे बघत थांबा. वाक्य त्याचं आहे, त्यालाच पुरं करू द्या.

तुला आठवतं, पाचवीत असताना खंडेनवमीला तू फाउंड्रीत आला होतास? सगळी पोरं पेढ्यांपाशी आणि तू माझ्या साच्यापाशी उकिडवा बसलेला. मी वाळूत तारेने व्हेंट मारत होतो. तू विचारलंस, भोकं कशाला? मागे कॉम्प्रेसर चालू होता, तू अडखळलास की नाही ते मला ऐकूच आलं नाही, म्हणून त्या दिवशी मी तुझं वाक्य तोडलं नाही. मी सांगितलं, चौदाशे अंशाचा रस आत गेला की वाळूतल्या ओलाव्याचा गॅस होतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते. वाट नसेल तर तो आतच राहतो. वरून जॉब गुळगुळीत दिसतो, आणि मशिन शॉपला टर्निंगला लावला की आतलं भोक उघडं पडतं. तू ती तार मागून घेतलीस आणि पूर्ण साच्याला एकसारखी भोकं मारलीस, ओळीत. तो जॉब पास झाला होता. मी चार जणांना दाखवला, माझ्या पोराने व्हेंट मारलाय म्हणून. तुला सांगायचं राहून गेलं.

राहून गेलेलं खूप आहे. 2019 च्या महापुरात तू आठ वर्षांचा. आपण कमरेएवढ्या पाण्यातून निघालो तेव्हा माझ्या खांद्यावर बसून आज्जीच्या गोळ्यांची पिशवी तू डोक्यावर धरली होतीस, दोन्ही हातांनी, शाळेतल्या छावणीत पोहोचेपर्यंत. कुणी सांगितलं नव्हतं. आणि शिवजयंतीला पोवाडा म्हणालास, एकदाही न अडता, तेव्हा मंडळाच्या मागे अंधारात उभा राहून मी रडलो होतो. तेही सांगितलं नाही.

आता जे लिहायचं म्हणून बसलो ते लिहितो. गणिताच्या वहीचं मागचं पान मी वाचलंय. दप्तर आवरताना सापडलं. 'मी नसलो तर सगळ्यांना बरं.' तुझी वही वाचली म्हणून राग येईल, येऊ दे. आईने अजून पाहिलेलं नाही असं मला वाटत होतं, पण काल ती आज्जीवर ओरडली तेव्हा कळलं की तिनेही पाहिलंय. बाळूकाकाच्या वेळी आम्ही सगळे म्हणत होतो, गप्प गप्प असतो, होईल ठीक. विचारायला जीभ रेटली नाही, विचारलं तर नसतं डोक्यात भरेल अशी भीती होती. मी बाईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट ओझं उतरतं. सरळ विचारा.

म्हणून विचारतो. विराज, तुला जगू नये असं वाटतं का? आत्ता, या आठवड्यात, वाटतंय का?

'हो' असेल तर मी ओरडणार नाही, मारणार नाही, 'तुला काय कमी आहे' म्हणणार नाही. पोचेन तिथे. 'नाही' असेल तर तसं सांग. मला सांगायचं नसेल तर आत्तीला सांग, ती मला न विचारता ऐकेल. मी तिच्याशी बोललोय, म्हणून ती तुझ्या माडीवरच अंथरूण टाकते. आम्ही कुणीच नको असलो तर 14416 हा नंबर आहे, टेली मानस, ऑक्टोबर 2022 पासून सरकारने चालू केलाय. दिवसरात्र चालतो, पैसे नाहीत, मराठीत बोलतात. लहान मुलांसाठी 1098 पण आहे. नंबर लिहून झाल्यावर मला सुचलं, की फोनवर बोलणं हेच तुला सगळ्यात जड. पण तिथे बसलेल्या माणसाचं कामच थांबून ऐकणं आहे. मी शिकतोय ते त्यांना आधीच येतं.

शाळेचं आपण बसून ठरवू. सोमवारी जायलाच पाहिजे असं नाही. चार दिवसांनी गेलास तरी चालेल, दुसरी शाळा बघायची तर बघू, बाईंकडे एकदा जाऊन मग ठरवू. महाराजांचा दंड मी भरीन. पण घरी ये. रविवारी दुपारच्या गाडीत आत्ती तुला बसवेल, ती सोबत येते म्हणाली तर येऊ दे. मी स्टँडवर आहे. आल्यावर लगेच काही बोलायला पाहिजे असं नाही. गंगावेशीत जाऊन दूध पिऊ, रंकाळ्यावर बसू. तू बोलायला लागलास तर मी तुझ्याकडे बघत थांबेन. कितीही वेळ लागला तरी.

हे पत्र दादाबरोबर पाठवतोय. सोबत एक कोरा कागद आणि पेन आहे. हो किंवा नाही, एवढंच लिहून दादाकडे दे. तो तिथेच थांबणार आहे, त्याला तसं सांगितलंय.

तुझा,
पप्पा

ता. क. आईने करंज्या दिल्यात, ओल्या नारळाच्या, आधी त्या संपव. माझा मोबाइल उशाशी आहे, आवाज मोठा करून ठेवलाय. रात्री झोप येत नसली तर फोन कर. शब्द अडला तर नुसता मिस कॉल दे, मला कळेल.