मेनोर्काच्या वाटेबद्दल

बोरिवली, मुंबई

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलेलं निम्मं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते. बाबा, स्पेनच्या मेनोर्का बेटाला पायी पूर्ण प्रदक्षिणा घालायचा हट्ट सोडाच. बेटाभोवतीची पायवाट, कामी दे कावाल्स, 185 किलोमीटरची आहे, पण तिचे 20 टप्पे सुटे चालता येतात. घोडेस्वार बेटाची गस्त घालत ती ही वाट. खासगी शेतांतून जाणारे तुकडे पुढे बंद पडले. 2000 मध्ये तिच्यासाठी कायदा झाला आणि 2010 मध्ये ती पुन्हा सलग खुली झाली. वाटेत रानऑलिव्हच्या वाकड्या लाकडांची फाटकं लागतील. गेल्यावर ती आठवणीने लावा, आत गुरं असतात.

मुक्काम सिउतादेया शहरात करा आणि दक्षिण किनारा धरा. काला गाल्दानाच्या किनाऱ्याहून माकारेयाचा किनारा पाऊण तासावर, पाइनच्या सावलीतून. लाकडी पायऱ्यांची चढउतार मात्र आहे. दमला नसाल तर पुढे तुर्केता, हा टप्पा एकूण 6.4 किलोमीटर. किनाऱ्यावर तपकिरी गवताचे ढीग दिसतील. तो कचरा नाही, समुद्री गवत आहे, लाटांपासून वाळू तेच राखतं. ओलं असलं की निसरडं होतं, आई, त्यावर पाय देऊ नकोस.

उत्तरेचा बिनिमेला ते एल्स आलोक्स हा टप्पा नकोच. जेमतेम 9 किलोमीटर, पण एकामागून एक खडे चढउतार, सुटे दगड, ना दुकान ना सावली. मध्येच गुडघा धरला तर गाडी बोलवायला जवळ रस्ता नाही. शिवाय उत्तरेचा त्रामुन्ताना वारा सुटला की कड्यावर तोल सांभाळणं कठीण. उत्तर बघायचीच असेल तर माओ ते एस ग्राऊ पुरे.

शिवाजी पार्कातला वेग तिथे धरू नका. तासाला अडीच किलोमीटर हिशेब ठेवा, माणशी दोन लिटर पाणी घ्या. बूट अर्धा नंबर मोठे. उतारावर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. मे महिना चांगला: ऊन सोसतं, बसही मिळतात. उन्हाळ्याबाहेर त्या फार कमी होतात, तेव्हा परतीची वेळ आधी विचारा. अडचण आली तर 112.

आतापासून दोघं काठ्या घेऊन कान्हेरीच्या पायऱ्या चढा-उतरा, उतरणं जास्त. सोमवारी उद्यान बंद असतं, त्यामुळे मंगळवारी या, मी सोबत येते.

तुमची लेक