वेळासच्या कासवमित्र काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचा फोन साधा, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. पडवीत बसवून तुम्हाला वाचून दाखवायचं नातवाने कबूल केलंय. आणि खरं सांगायचं तर कोकणातल्या वेळासच्या पुळणीवर रात्री कोण चालतं, हे इतरांनाही कळावं असं मला फार वाटतं.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी मी बागमांडल्याहून शेवटच्या फेरीबोटीने वेश्वीला उतरले, तेव्हा धक्क्यावर एकही रिक्षा नव्हती. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे हॅम्बर्गहून आलेली आणि दोन दिवस मोकळे मिळाले म्हणून कासवांच्या राखणीला स्वयंसेवक म्हणून नाव दिलेली बाई, एवढीच तुम्हाला माझी ओळख. तरी बाणकोटवरून स्कूटर काढून तुम्ही आलात. बॅग पायाशी ठेवलीत आणि विचारलंत, "जेवलीस का?" काकूंनी कच्च्या फणसाची भाजी आणि आमसुलाचं सार झाकून ठेवलं होतं. अकरा वर्षांत इतक्या उशिरा माझ्यासाठी कुणी भात गरम केला नव्हता.

मला वाटलं होतं, पाहुण्यांसारखं सकाळी पिल्लं बघायची आणि परत फिरायचं. तुम्ही रात्री दोनला दार वाजवलंत. टॉर्चवर लाल कागद गुंडाळलेला, कारण पांढऱ्या उजेडाने मादी बिचकते. भरतीच्या रेषेने आपण चालत राहिलो. सुरूच्या झाडांकडून कोल्हा ओरडला, की तुमची पावलं भरभर पडायची. मग वाळूत ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखी ती खूण दिसली, समुद्राकडून वर आणि वरून पुन्हा समुद्राकडे. मादी अंडी घालून गेली होती.

तुम्ही घरटं हाताने उकरलंत आणि एकेक अंडं माझ्या हातात दिलंत. "वरची बाजू वरच राहू दे," म्हणालात. काही तासांत आतला गर्भ कवचाला चिकटतो, मग अंडं फिरलं की जीव गेला, म्हणून ही घाई आणि हा हळुवारपणा एकत्र. बादलीत वाळू, वाळूवर अंडी. मी मोजत होते, ११२ झाली. हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणातल्या जागेत, तुम्ही मडक्याच्या आकाराचा, दीडेक फूट खोल खड्डा केलात, आत पोट मोठं आणि वर गळा अरुंद, मादी करते तसा. वहीत तारीख आणि आकडा मला लिहायला लावलात. माझं अक्षर त्या वहीत आहे, याचा मला किती आनंद आहे हे तिथे बोलता आलं नाही.

पहाटे हॅचरीच्या कुंपणाशी बसून तुम्ही जे सांगितलंत, ते तुमच्या परवानगीने लिहिते. लहानपणी तुम्हीही वडिलांबरोबर हीच अंडी काढायला जायचात. घरी खायची, उरली तर विकायची. तेव्हा त्यात कुणाला काही वाटत नसे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं गावात आली, तेव्हा घरटं कुठे असेल हे अचूक ओळखणारे तुम्हीच होतात. तीच नजर तुम्ही राखणीला लावलीत. २००६ पासून कासव महोत्सवाला लोक येऊ लागले, घराघरांत पाहुणे उतरू लागले. पण त्याआधीची चार वर्षं तुम्ही कशी काढलीत, ते तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत. काका, माझ्या लेखी सगळ्यात मोठी ती चार वर्षं आहेत.

उजाडल्यावर हॅचरीतल्या एका आधीच्या घरट्यावरची टोपली उचलली. सतरा पिल्लं, तळहातापेक्षा लहान. एक पिल्लू पावलाच्या खड्ड्यात उलटं पडलं. मी उचलून पाण्यात सोडायला वाकले, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. "सुलटं कर. पण चालू दे त्याला." या वाळूवरून चालताना किनाऱ्याची खूण त्याच्यात उतरते असं मानतात आणि मोठी झालेली मादी त्याच भागात परतते, हे तुम्ही मला तिथेच, पिल्लावरची नजर न हलवता सांगितलंत. ते पोचायला बराच वेळ लागला. दोनदा लाटेने मागे टाकलं. तुम्ही हात मागे बांधून उभे होतात.

ओडिशात २०२१ मध्ये खूण लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली, हेही तुम्हीच सांगितलंत. दोन्ही किनारे आपले मानणारं कासव असतं, हे ऐकून मी गप्प झाले. तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत. त्याबद्दलही आभार.

आई आता वाचू शकते. हे पत्र तिनेच आधी वाचलं आणि काकूंना नमस्कार सांगितलाय.

आपल्या ११२ अंड्यांना पंचेचाळीस ते साठ दिवस, म्हणजे पिल्लं मेमध्ये निघतील. वाळू तापलेली असेल, तेव्हा तुमच्या हिशोबाने मुली जास्त. नातवाला सांगा, फोटो जमला नाही तरी चालेल, पण किती पाण्यात गेली तो आकडा मला कळव.

तुमची,
हॅम्बर्गची स्वयंसेवक